स्वस्तातला कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर हे मोठ्या आवाजाला आवर घालून त्याला लहान आवाजाच्या जवळ आणून बसवणारे यंत्र आहे. गाणाऱ्याने खर्जात पुटपुटलेला शब्द आणि तार सप्तकात मारलेली पुकार यांतले अंतर ते कमी करते. ऐकणाऱ्याला मग पहिल्यासाठी आवाज वाढवावा आणि दुसऱ्यासाठी धावत जाऊन कमी करावा लागत नाही. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला या यंत्राची गरज माइक घेतल्यानंतर लवकरच भासू लागते. माइक झाला, आवाज संगणकात नेणारा इंटरफेस झाला, हेडफोन झाला, कपाटातल्या रजया भिंतीला टांगून झाल्या, तरी आपले भावगीत काही रेडिओवरच्यासारखे लागत नाही. तेव्हा दोष गळ्यात नसून अजून न घेतलेल्या एखाद्या यंत्रात असणार, असा निष्कर्ष निघतो. घरगुती ध्वनिमुद्रकांत एरवी कशावरच एकमत होत नाही. या निष्कर्षावर होते.

यंत्राचे काम समजून घ्यायला रात्रीच्या मालिकेसमोर रिमोट घेऊन बसलेले आजोबा डोळ्यांपुढे आणावेत. मालिकेतली सून हळू आवाजात रडत असते तोवर आजोबा स्वस्थ असतात. जाहिरात लागते, आवाज हद्दीबाहेर जातो आणि त्यांचा अंगठा हलतो. ती हद्द म्हणजे थ्रेशोल्ड. हद्दीबाहेर गेलेला आवाज किती प्रमाणात दाबायचा हा आजोबांच्या स्वभावाचा भाग. त्याला रेशो म्हणतात. जाहिरात लागल्यापासून आवाज खाली येईपर्यंत जो वेळ जातो तो अटॅक, आणि जाहिरात संपल्यावर आवाज पूर्ववत व्हायला लागतो तो रिलीज. मध्येच आजोबांचा डोळा लागला तर रिलीज फार लांबतो आणि सुनेने सासूला काय उत्तर दिले ते घरात कोणालाच कळत नाही.

पुढचे आकड्यांत सांगावे लागते. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आणि रेशो ४:१ ठेवला, आणि आवाज उणे १२ पर्यंत चढला, तर तो हद्दीच्या ८ डेसिबल वर गेला. यंत्र त्या आठांचे दोन करते आणि आवाज उणे १८ वर बाहेर सोडते. सहा डेसिबल कापले गेले. उंच भाग असे छाटल्यावर वर मोकळी जागा उरते, म्हणून मग सगळाच आवाज सहा डेसिबल उचलतात. त्या बटणाला मेकअप गेन म्हणतात, आणि खरी गोम याच बटणात आहे.

कारण गाणाऱ्याबरोबर पंखाही सहा डेसिबल वर येतो. फ्रिजही येतो, त्याच्या पोटातही एक कॉम्प्रेसर असतोच, आणि एका कॉम्प्रेसरने दुसऱ्याचा आवाज वाढवण्याचा हा योग घरगुती ध्वनिमुद्रणातच जुळून येतो. ओळ चालू असते तोवर हे सगळे दबून असते. ओळ संपते, यंत्र पकड सोडते आणि पाव सेकंदात पंख्याची घरघर उसळून वर येते. पुढचा शब्द आला की पुन्हा खाली जाते. रिलीज चुकीचा लागला असेल तर सबंध अभंगभर खोली असा श्वासोच्छ्वास करत राहते. दोन चरणांच्या मधल्या जागेत शेजारच्या कुकरची शिट्टी, खालच्या भंगारवाल्याची आरोळी आणि गायकाने घेतलेला दम हे सगळे मुख्य कलाकारांइतक्याच ठसठशीतपणे ऐकू येते. कॉम्प्रेसर नवीन काहीच घालत नाही. खोलीत जे होतेच, ते सर्वांना ऐकवतो.

या यंत्राचा जन्म गाण्यासाठी झालाच नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांपुढे प्रश्न होता तो निवेदक अचानक चेकाळला तर ट्रान्समीटरचे काय करायचे हा. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ११०-ए हा १९३७ चा लिमिटर, म्हणजे आवाजाला हद्द ओलांडूच न देणारा कडक कॉम्प्रेसर, त्या गरजेतून आला. संगीताच्या लोकांनी नंतर ही यंत्रे पळवली आणि त्यांना पावित्र्य आणले. या पवित्र यंत्रांची चार घराणी आहेत. स्वस्त कॉम्प्रेसर घेणाऱ्याला ती माहीत असावी लागतात, कारण बाजारातले प्रत्येक स्वस्त यंत्र यांपैकी कोणाचा तरी वारसा सांगत असते.

पहिले घराणे व्हॉल्व्हचे. त्याचे आराध्य दैवत फेअरचाइल्ड ६७०. राइन नार्मा या एस्टोनियन अभियंत्याने रचलेल्या या यंत्रात २० व्हॉल्व्ह आणि १४ ट्रान्सफॉर्मर होते आणि वजन सुमारे ३० किलो. त्याचा एकेरी भाऊ ६६० लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या गाण्यांवर राबला. आज अस्सल नग मिळालाच तर त्याच्या किमतीत मध्यम शहरात फ्लॅट बघता येतो, आणि फ्लॅट घेतला तर निदान यंत्र ठेवायला जागा तरी होते.

दुसरे घराणे प्रकाशाचे. टेलिट्रॉनिक्स एलए-टू-ए हे कॅलिफोर्नियातल्या जिम लॉरेन्सचे काम. टायटन क्षेपणास्त्राच्या प्रकल्पात त्याने प्रकाशसंवेदकांवर काम केले होते. त्याच्या यंत्रात आवाज मोठा झाला की एक पट्टी उजळते, तिच्यासमोरच्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध बदलतो आणि आवाज खाली येतो. पट्टी उजळायला आणि रोधक सावरायला आपापला वेळ घेतात. अटॅक साधारण १० मिलिसेकंद. निम्मी पकड ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली सावकाश, काही सेकंदांत. वापरणाऱ्याच्या हातात बटणे दोनच: किती दाबायचे आणि नंतर किती वाढवायचे. क्षेपणास्त्राच्या विद्येतून गायिकांचे आवाज हळुवार सांभाळणारे यंत्र निघाले, हे त्या विद्येचे बरेच म्हणायचे.

तिसरे घराणे फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरचे, म्हणजे बिल पुटनमचा १९६७ च्या सुमाराचा ११७६. हा अतिशय चपळ; अटॅक एका सेकंदाच्या २० दशलक्षांशांपासून ८०० दशलक्षांशांपर्यंत. त्याची अटॅक आणि रिलीजची बटणे उलटी आहेत, उजवीकडे फिरवली की वेग वाढतो. त्यामुळे नवा माणूस पहिले काही महिने नेमके जे नको तेच करत असतो आणि त्याला ते आवडतही असते. रेशोसाठी ४, ८, १२ आणि २० अशी चार बटणे आहेत. एका वेळी एकच दाबायचे, अशी अपेक्षा. पण कोणीतरी चारही एकदम दाबली, आवाज चिरडून निघाला आणि ड्रमवाल्यांना तो इतका भावला की आजच्या नकलांतही ही सोय मुद्दाम करून देतात. चौथे घराणे व्हीसीए चिपचे, म्हणजे व्होल्टेजच्या हुकमाने आवाज कमीजास्त करणाऱ्या अॅम्प्लिफायरचे. डेव्हिड ब्लॅकमरच्या डीबीएक्स कंपनीने १९७० च्या दशकात ते नावारूपाला आणले. ते स्वच्छ, आज्ञाधारक आणि बनवायला स्वस्त, म्हणून कमी किमतीचे बहुतेक कॉम्प्रेसर याच घराण्यात जन्मतात.

एवढा इतिहास वाचून झाल्यावर खरेदीदाराचे बजेट दुप्पट झालेले असते.

खरेदीआधी एक अप्रिय बाब नोंदवावी लागते. आवाज आत घेतानाच दाबायची जी रीत होती, तिच्यामागे टेपची खरखर होती. हळू शब्द खरखरीत बुडू नयेत म्हणून लेव्हल चढी ठेवावी लागे, आणि चढ्या लेव्हलवर पुकार आली की टेप फाटल्यासारखी वाजे. १६ बिटच्या जमान्यातही ही ओढाताण थोडीफार उरली होती, कारण तिथे शांततेपासून कमाल आवाजापर्यंतचा पल्ला ९६ डेसिबलचा. आजचा साधा इंटरफेसही २४ बिटवर चालतो. त्याचा कागदोपत्री पल्ला १४४ डेसिबल आहे आणि प्रत्यक्षात निम्म्या किमतीच्या यंत्रातही पुरून उरेल इतका मिळतो. सर्वात मोठा स्वर उणे १२ च्या आसपास राहील अशी लेव्हल ठेवावी आणि निवांत गावे. काही बुडत नाही, काही फाटत नाही. दाबायचे ते मागाहून संगणकात दाबता येते, आणि बिघडले तर एका कळीसरशी पूर्ववत करता येते. तारेतून जाताना दाबलेला आवाज मात्र कायमचा दबतो.

म्हणजे सर्वात परवडणारा कॉम्प्रेसर बहुतेकांच्या घरी आधीच असतो. गॅरेजबँडमध्ये आहे, ऑडॅसिटीमध्ये आहे, रीपरमध्ये आहे. क्लांगहेल्म नावाची छोटी कंपनी डीसी-वन-ए हा मोठ्या गोल बटणांचा प्लगइन फुकट देते. भावगीताच्या आवाजाला तो पुरेसा आहे. पण फुकट मिळालेल्या वस्तूने गाणे सुधारले तर तोवर खर्च केलेल्या पैशांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो, म्हणून हा पर्याय सहसा कोणी मनावर घेत नाही. त्याऐवजी फुकटचे चाळीस प्लगइन उतरवून त्यांची तुलना करण्यात उन्हाळा जातो आणि गाणे दिवाळीनंतर मुद्रित होते.

याहूनही स्वस्त उपाय आहे. माइकपासूनचे अंतर १५ सेंटिमीटरचे ३० केले की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. पुकारीला मान थोडी मागे आणि खर्जाला पुढे, एवढे जमले तर वर मांडलेले सगळे गणित गळ्याखालीच सुटते, आणि मानेवर जीएसटी लागत नाही. रंगमंचावरचे जाणते गायक हे न शिकवता करतात. घरगुती गायक मात्र हेडफोन लावून, डोळे मिटून, ओठ जाळीला टेकवून गातो, कारण त्याने स्टुडिओतले फोटो तसेच पाहिलेले असतात.

तरीही हातात धरता येईल असे यंत्र घ्यायला दोन रास्त कारणे आहेत. एक, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दाबलेला आणि जवळचा ऐकू आला की गाणारा कमी ओरडतो. तारेच्या यंत्रात हे विलंबाशिवाय होते. संगणकातून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि नवख्याची लय ढळते. दोन, बटणे मोजकी असली की माणूस कमी छळतो, स्वतःला आणि इतरांना. तिसरे कारण मीटरची सुई हे आहे. ते कोणी बोलून दाखवत नाही, पण निम्मी विक्री त्यावरच होत असावी. पिवळसर प्रकाशात शून्यावर उभी असलेली सुई स्वर चढला की मागे झुकते आणि हळूच परत येते. पहिल्या दिवशी मालकाला वाटते यंत्र बंद आहे, कारण तो सुई पुढे जाण्याची वाट पाहत असतो. इथे मागे जाणे म्हणजेच काम. एकदा हे उमगले की तो सुई जास्तीत जास्त मागे नेण्याच्या मागे लागतो. गळ्याला ३ ते ६ डेसिबलचा आवर पुरतो. सुई १५ वर लोळू लागली की गाण्यातली उरलीसुरली भावना तिच्याखाली चिरडली जाते.

सुई नसलेल्यांत पहिले नाव एफएमआर ऑडिओच्या आरएनसीचे. टेक्सासमधल्या मार्क मॅक्विल्कनने १९९० च्या दशकात काढलेली ही छोटी काळी डबी. नावाचा पूर्ण अर्थ ‘खरोखर छान कॉम्प्रेसर’, आणि तिच्यावर आणखी एक ‘सुपर नाइस’ नावाचे बटण आहे. ते दाबले की काम एकाऐवजी तीन टप्प्यांत वाटून होते आणि दाबल्याचे कानाला जवळजवळ कळत नाही. अमेरिकेत तिची किंमत कैक वर्षे दोनशे डॉलरच्या आत राहिली. दिसायला ती मोडेमसारखी असल्याने घरी आलेल्या पाहुण्यांवर काही छाप पडत नाही. हा तिचा एकमेव गंभीर दोष. दुसरे नाव अलेसिस ३६३०. जाणकारांनी हिणवलेले, गचाळ म्हणून बाजूला सारलेले हे यंत्र डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने मुद्दाम वापरले आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सगळे संगीत आत-बाहेर होते त्या खोडीचीच शैली केली. त्यांचा १९९७ चा ‘होमवर्क’ हा अल्बम घरच्या खोलीतच तयार झाला होता. तेव्हापासून ३६३० विकणारा प्रत्येक माणूस डाफ्ट पंकचे नाव घेतो, जणू तेच यंत्र त्यांच्याकडून आले.

ज्यांना सुई हवीच त्यांच्यासाठी वॉर्म ऑडिओ, क्लार्क टेक्निक वगैरे कंपन्या ११७६ आणि एलए-टू-ए यांच्या नकला मूळच्या किमतीच्या छोट्याशा भागात देतात. त्या वाईट नाहीत; अमुक एक ट्रान्सफॉर्मर अस्सल आहे की नाही यावर लोक हिरिरीने भांडतात, पण पंखा चालू असलेल्या खोलीत तो फरक ऐकू आल्याचे उदाहरण विरळा. दोन गोष्टी टाळाव्यात. गिटारवाल्याच्या पायाखालचा कॉम्प्रेसर माइकसाठी नसतो. त्याची लेव्हलच वेगळी. आणि काही स्वस्त यंत्रांच्या खिडकीत व्हॉल्व्हचा जो ऊबदार नारिंगी उजेड दिसतो, तो व्हॉल्व्हच्या मागे बसवलेल्या एलईडीचा असतो.

आता जोडणीकडे वळावे, कारण बजेट खऱ्या अर्थाने इथे कोसळते. कॉम्प्रेसर माइकच्या आणि नोंदीच्या मधोमध बसतो. पण घरगुती इंटरफेसमध्ये, फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू धरून, माइकचा आवाज मध्येच बाहेर काढून परत आत घ्यायची वाटच नसते. म्हणून आधी स्वतंत्र प्रीअॅम्प लागतो, मग कॉम्प्रेसर, मग इंटरफेसचा लाइन इनपुट. प्रीअॅम्पला इन्सर्टची, म्हणजे आवाज मध्येच बाहेर नेऊन परत आणायची वाट असेल आणि यंत्र तिथे जोडायचे असेल, तर सहसा एका टोकाला तीन कड्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन साध्या पिना असलेली केबल लागते. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ती मागितली की बहुधा साधी वाय केबल हातात येते. दिसायला दोन्ही सारख्याच. घरी येऊन जोडल्यावर आवाज अजिबात येत नाही, किंवा नको तिथून येतो, आणि मग एक इस्त्री खराब करून सोल्डरिंग शिकण्याचा काळ सुरू होतो. यंत्रामागे अधिक ४ आणि उणे १० असा एक बारीक स्विच असतो. त्या दोन मापांत जवळपास १२ डेसिबलचा फरक आहे. चुकीच्या बाजूला राहिला तर आवाज एक तर चिरकतो नाही तर सळसळतो, आणि माणूस आठवडाभर थ्रेशोल्डला दोष देतो. यंत्राच्या मागे कोणी बघत नाही, कारण सुई पुढे असते.

वाद्यांच्या बाबतीत सरसकट नियम चालत नाही. तबल्याला अटॅक फार चपळ ठेवला तर किनारीवरच्या ‘ना’चा टणत्कार यंत्र जन्मतःच गिळते आणि चाटेवर पुठ्ठा ठेवून वाजवल्यासारखे होते, २० ते ३० मिलिसेकंदांची सवड दिली की ठोका निसटून पुढे जातो आणि मागची आस तेवढी भरते. डग्गा आणखी अवघड. त्याचा घुमारा इतका मोठा की यंत्र त्यालाच बिचकून दाबते आणि ‘धा’ पडला की चाटेसकट सगळा तबला खाली बसतो. यावर उपाय म्हणजे यंत्राच्या कानावरून खालचा भाग काढून टाकायचा. त्या कानाला, म्हणजे साइडचेनला, हाय-पास फिल्टर असेल तर हे एका बटणात होते, आणि तबल्याच्या घरात स्वस्त यंत्र निवडताना सुईपेक्षा हे बटण पाहावे. पेटी तशी सरळ, सुरांत चढउतार कमी. दाबायला गेले तर भात्याचा फुसफुसाट आणि पट्ट्यांची खटखट तेवढी पुढे येते. तंबोऱ्याला हात लावू नये.

यंत्र चांगले की वाईट हे ठरवताना कान हमखास फसतो, कारण एखादा डेसिबल मोठा लागलेला आवाज माणसाला चांगला वाटतो. मेकअप गेन किंचित चढा ठेवलेला कोणताही कॉम्प्रेसर म्हणून गुणी ठरतो. आधी आणि नंतरची लेव्हल कानाला समान करून घ्यावी, मग यंत्र वगळणारे बायपासचे बटण घरातल्या दुसऱ्या माणसाकडून न सांगता दाबून घ्यावे आणि फरक सांगावा. या चाचणीत दुसरा माणूस बहुधा ‘दोन्ही सारखंच वाटतंय’ म्हणतो. त्याचे मत बाद करायची प्रथा आहे. मोठ्या आवाजासाठी गाणे पिळून काढण्यातही आता फायदा उरलेला नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सर्व गाणी उणे १४ लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आसपास आणून ऐकवते, त्यामुळे आरडाओरडा करून गेलेले गाणे तिथे गप्प बसवले जाते आणि पिळलेले तेवढे उरते.

नवे यंत्र आयातशुल्क आणि जीएसटीसह आवाक्याबाहेर गेले की जुन्या बाजाराकडे मोर्चा वळतो. जुने यंत्र घेताना प्रत्येक बटण आवाज चालू ठेवून फिरवून पाहावे; खरखर झाली तर धूळ आहे, मधेच आवाज गेला तर आतला पॉट झिजला आहे. दोन चॅनेल असतील तर दोन्हींना एकच आवाज देऊन दोन्ही मीटर बरोबर हलतात का ते बघावे. ‘फारसा वापरलेला नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य मात्र निःशंकपणे खरे मानावे. तिसरा मार्ग न्यू जर्सीच्या पुतण्याचा. तो दिवाळीत येताना बॅगेत एक नग टाकून आणतो, आणि तो नग ११५ व्होल्टचा असतो. मागे २३० ची सोय नसताना तो थेट भिंतीत लावला तर कॉम्प्रेसरचा अटॅक, रिलीज आणि अंत एकाच वेळी अनुभवायला मिळतो. तेव्हा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो कॉम्प्रेसरपेक्षा जड असतो, जवळ ठेवला तर गुणगुणतो, आणि ती गुणगुण मुद्रणात उतरली की ती काढून टाकायला बाजारात वेगळे यंत्र मिळते.